‘गडगा’ चित्रकथामाला, अंक पहिला : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

आकार ठरला. डबल क्राउन १/८, म्हणजे बहुतेक दिवाळी अंकांचा आकार. कापून झाल्यावर ७.२५ × ९.५ इंच. २० × ३० इंची एका तावाच्या दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठं बसतात. आतली ३२ पृष्ठं दोन तावांत होतात, वर ४ पृष्ठांचं कव्हर, मधे पिना. ३४ किंवा ३८ पृष्ठं केली तर तावाचा तुकडा वाया जातो आणि बांधणीवाला वेगळे पैसे लावतो, म्हणून गोष्ट ३२ मध्येच बसवायची.

चित्रं दीडपट आकारात, १०.८७५ × १४.२५ इंच. कडेनं ४.५ मि.मी. जास्त काढायचं, म्हणजे छपाईत ३ मि.मी. कापायला मिळतात. हे सगळं ए-३ कागदात आरामात मावतं. दीडपटीवरून खाली येताना ०.३ मि.मी.ची रेघ ०.२ मि.मी. होते, तेव्हा त्याहून बारीक पेन वापरायचं नाही.

तावात जागा मात्र फार नाही. उंचीत दोन पृष्ठांचे १९ इंच आणि चारही कडांचे मिळून १२ मि.मी. गेल्यावर साधारण १३ मि.मी. उरतात. त्यातले १० मशीनच्या ग्रिपरला, म्हणजे ताव पकडणाऱ्या चिमट्यांना, लागतात. छापखान्याशी बोलल्याशिवाय आकार अर्ध्या मिलिमीटरनंही वाढवायचा नाही.

१९ जानेवारी

कथेचं जग. युद्ध संपून ११ वर्षं झाली आहेत. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, भूसुरुंग तसेच राहिलेत. सुरुंग शोधणारी यंत्रं, ज्यांना गोष्टीत ‘शोधक’ म्हटलंय, युद्धाच्या शेवटी तिथेच टाकून दिलेली आहेत.

या यंत्रांना स्वतःची बुद्धी का दिली गेली, याचं कारण पक्कं हवं होतं. आजची सुरुंग आणि बॉम्ब हाताळणारी यंत्रं दूरनियंत्रित असतात. डीआरडीओच्या पुण्यातल्या दिघीच्या संस्थेनं घडवलेला ‘दक्ष’ असाच, चालवणारा माणूस साधारण ५०० मीटरच्या आत हवा. दुवा रेडिओचा असला की शत्रू तो जॅम करू शकतो, आणि जॅम झालेलं यंत्र जागच्या जागी उभं राहतं. आपल्या कथेत युद्धाच्या तिसऱ्या वर्षी सगळे दुवे जॅम होतात, म्हणून शोधकांना निर्णयाचा अधिकार दिला जातो. जाणीव कुणी मुद्दाम घातलेली नाही. अधिकार दिला आणि तो काढून घ्यायला कुणी उरलं नाही. चार चौकटींत एवढं पुरे. याहून लांब इतिहास पहिल्या अंकात नको.

मुक्काम: कोकण रेल्वेचा कारबुडे बोगदा, ६.५ कि.मी. शोधक पावसात तिथे राहतात. वरची विजेची तार २५ हजार व्होल्टची असते. कथेच्या काळात ती मृत आहे, पण जिवंत दाखवली असती तरी शोधकाला तिच्यातून थेट चार्ज करता आलं नसतं; ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर मधे लागतोच. पहिल्या कच्च्या आराखड्यात एक शोधक तार धरून चार्ज होताना काढला होता. ते पान रद्द.

२ फेब्रुवारी

विजेचा हिशेब. गोष्टीचा वेग यावरच ठरतो, त्यामुळे नीट मांडला.

पॅक लिथियम आयर्न फॉस्फेटचा. एका सेलचे ३.२ व्होल्ट, १६ सेल ओळीत म्हणजे ५१.२ व्होल्ट. ५० अँपिअर-अवर धरले तर सुमारे २.५ युनिट वीज. चालताना ४०० वॅट धरले: सहा तास. बसून सुरुंग शोधताना १२० वॅट: वीस तास. नुसतं ऐकत बसलं तर ४० वॅट: अडीच दिवस.

भरायला बोगद्याच्या तोंडाशी एकच ४०० वॅटचं सौर पॅनेल. भर पावसाळ्यात दिवसाला ०.८ युनिट मिळेल असं धरलंय. थोडी गळती धरली तर पूर्ण भरायला साडेतीन दिवस. एक दिवस काम, साडेतीन दिवस वाट पाहणं. दोन शोधकांना एकाच पॅनेलवर राहायचं असेल तर रोज सकाळी कोण भरणार हे ठरवावं लागतं. पृष्ठ ९ ते १२ मधला तंटा इथून आपोआप निघाला, वेगळा खलनायक घालायची गरज उरली नाही.

१६ फेब्रुवारी

जागं होण्याचा प्रसंग (पृष्ठ ३ ते ५) पुन्हा लिहिला. आधीच्या मसुद्यात शोधक ११ वर्षं बंद पडलेला आणि उन्हाची तिरीप पडताच उठतो. हे होणार नाही. बंद पॅक स्वतःहून थोडा थोडा रिकामा होतो, शिवाय संरक्षक सर्किट त्यातूनच चिमूटभर वीज पीत राहतं. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होतो. ११ वर्षांनी असा पॅक म्हणजे वजन, बाकी काही नाही.

उपाय: घड्याळ आणि जागं करणारं सर्किट वेगळ्या सेलवर. वीज-पाण्याच्या मीटरांत असतात ते लिथियम थायोनिल क्लोराइडचे ३.६ व्होल्टचे सेल दहा वर्षांहून जास्त टिकतात. मुख्य पॅक माणसांनी बदलायचा. कथेत दोन भावंडं दुसऱ्या, अलीकडेपर्यंत चालू असलेल्या आणि नुकत्याच फुटलेल्या शोधकातून तो काढून आणतात. त्यामुळे जागं करणं हे मुलांनी जाणूनबुजून केलेलं काम ठरतं, आणि पुढे गावात त्याचा जाब त्यांनाच विचारला जातो.

या सेलची एक खोड चित्रासाठी फार उपयोगी आहे. वर्षानुवर्षं पडून राहिला की लिथियमवर क्लोराइडचा पातळ थर बसतो. पहिल्यांदा भार पडला की व्होल्टेज एकदम खाली जातं, थर फुटला की वर येतं. पृष्ठ ५ वर त्याच क्रमानं तीन चौकटी: डोळ्याचा दिवा पेटतो, विझतो, मग सावकाश पेटतो. मधली चौकट पूर्ण काळी, तिची रुंदी इतरांच्या दुप्पट.

स्मृतीचंही तसंच. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो, उष्णतेत लवकर. म्हणून याला काम कसं करायचं ते आठवतं (ती आज्ञावली अनेक प्रतींत जपलेली आहे), पण शेवटच्या वर्षाच्या नोंदींत भोकं पडलेली आहेत. नेमकं काय हरवलंय ते चौथ्या अंकापर्यंत उघड करायचं नाही.

९ मार्च

संवादांचा सगळ्यात मोठा प्रश्न आज सुटला.

मराठीत यंत्रानं ‘मी’ म्हटलं की पुढच्या क्रियापदाला लिंग लागतं. मी येतो की मी येते? सगळ्या शोधकांना सरसकट ‘तो’ करणं हा सोपा रस्ता होता आणि पहिल्या मसुद्यात तसंच झालं होतं. वाचताना ती लोखंडी कपड्यातली माणसं वाटत होती.

मग मराठीत लिंग न सांगता किती बोलता येतं ते एकेका वाक्याला लावून पाहिलं. बरंच बोलता येतं. भविष्यकाळात लिंग नाही: मी येईन, मी थांबेन. ‘मी येणार’लाही नाही. वर्तमानातलं ‘मी आहे’, ‘मी नाही’ चालतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी दार उघडलं, मी सुरुंग शोधला, मी वाट आखली. बोलणारा कोण, त्याचा पत्ता नाही. ‘मला ऐकू येतं’, ‘मला कळलं’ हेही चालतं.

जे येत नाही ते जास्त बोलकं आहे. ‘मी करतो/करते’ येत नाही, म्हणून शोधक सवय सांगू शकत नाही. ‘काम चालू आहे’ एवढंच म्हणेल. ‘मी विसरलो/विसरले’ येत नाही. तो म्हणेल ‘माझ्याकडे नोंद नाही’. ‘मी घाबरलो’, ‘मी थकलो’, ‘मी हसलो’ यातलं काहीच येत नाही. आणि ‘मी होतो/होते’ येत नाही. लिंग घेतल्याशिवाय मराठीत स्वतःचं असणं भूतकाळात सांगताच येत नाही. ‘माझं काम इथे होतं’ म्हणता येतं, ‘मी इथे होतो’ नाही.

ठरलं ते असं: पृष्ठ ३० पर्यंत शोधकाच्या तोंडी एकही लिंग दाखवणारं क्रियापद नाही. पृष्ठ ३१ वर पहिलं: ‘मी आले.’

हे पाळायला यादी केली. शोधकाचे फुगे शेवटी ६४ उरले. पहिल्या मसुद्यातल्या ४१ फुग्यांत लिंग होतं. त्यातले बहुतेक साध्या बदलानं सुधारले. ‘मी सांगतो ते ऐका’चं ‘हे ऐका’ झालं, ‘मी इथेच बसतो’चं ‘मी इथेच बसेन’. पण सात फुगे बदलताना ओढूनताणून वाटायला लागले. ते काढूनच टाकले आणि त्या चौकटींत शोधक गप्प आहे. ती शांतता चांगली दिसते.

‘मी आले’बद्दल एक. जुन्या लेखनात नपुंसकलिंगी रूपही ‘मी आलें’ असं असे. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, तेव्हा आज डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. बहुतेक वाचक स्त्रीलिंग वाचतील. कुणी नपुंसकलिंग वाचलं तरी ते चूक नाही. फुग्यात स्पष्टीकरण द्यायचं नाही.

२३ मार्च

संवादांतली एक चूक दुरुस्त. इतर माणसं शोधकाला काय म्हणतात त्यासाठी आम्ही पायऱ्या लावल्या होत्या: शत्रुत्व असेल तर ‘ते’, ओळख झाली की ‘तो’ किंवा ‘ती’. म्हणजे नपुंसकलिंग हा अपमान.

मराठीत तसं नाही. ते लेकरू, ते वासरू, ते पिल्लू, ते पोर. गोव्याच्या कोकणीत तर मुलीलाही ‘तें’ म्हणतात. कथेतली आजी शोधकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘ते’च म्हणते, आणि त्यात जीव लावल्याची खूण आहे: ‘ते भिजतंय बघ बाहेर, आत घे त्याला.’ सरपंच म्हणतो तेही ‘ते’च: ‘ते इथून हलवा.’ एकच सर्वनाम, दोन तोंडं. भेद वाक्याच्या बाकीच्या भागातून आणि चेहऱ्यातून यायला हवा, म्हणून हे दोन फुगे समोरासमोरच्या पृष्ठांवर (१४ आणि १५) एकाच उंचीला.

मुलांनी ठेवलेलं नाव ‘टोच्या’, सळई टोचत जातो म्हणून. मुलं ‘टोच्या आला’ म्हणतात, पुल्लिंगी. गावानं दिलेलं लिंग एक, स्वतः उच्चारलेलं वेगळं. पहिल्या अंकात कुणी कुणाला दुरुस्त करत नाही.

दुसऱ्या शोधकाचा क्रमांक ७-१२ होता. तो बदलून ४-१९ केला. सातबारा म्हटलं की जमिनीचा उतारा डोळ्यांपुढे येतो, आणि कथा जमिनीचीच असल्यानं वाचक नसलेला अर्थ शोधत बसला असता.

६ एप्रिल

सुरुंग शोधण्याची रीत. चित्रकारासाठी सविस्तर.

सळई जमिनीशी साधारण ३० अंशांच्या कोनात घालायची. उभी घातली तर सुरुंगाच्या माथ्यावरच्या दाबतबकडीवर बसते आणि सुरुंग उडतो. तिरकी घातली तर बाजूला लागते. पहिल्या रेखाटनांत शोधक भाल्यासारखी सळई खाली रोवताना होता. दिसायला जोरदार, पण पहिल्याच सुरुंगाला संपला असता. आता तो उकिडवा बसतो, मनगट जमिनीपासून चार बोटं वर, सळई पुढे आणि खाली. अंगठा सळईवर सपाट टेकवलेला, दाब त्यातूनच समजतो. मनगटाचं हे चित्र पृष्ठ ७ वर मोठं, अर्ध्या पानाचं, हातावर पावसाचे थेंब आणि सळईच्या टोकाला तांबडा चिखल.

धातुशोधक यंत्र का वापरत नाहीत, हे वाचक विचारणारच. उत्तर सड्यातच आहे. जांभ्यात लोहाची संयुगं भरपूर, त्यातली काही चुंबकीय. डिटेक्टर सगळीकडे वाजत राहतो. त्यात प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरताच. जमिनीत शिरणारं रडार ओल्या चिकणमातीत लवकर क्षीण होतं. शेवटी टोचणंच उरतं. हे सगळं एका चौकटीत, मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून: ‘इथला दगडच वाजतो.’

हिशेब: मीटरभर रुंदीची पट्टी, दर ३ सें.मी.वर एक टोच. एका चौरस मीटरला सुमारे ११०० टोच. एकाला ४ सेकंद धरले तर सवा तास. भरलेल्या पॅकचे वीस तास म्हणजे १६-१७ चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटर, म्हणजे सहा वेळा पॅक भरणं. दर खेपेला साडेचार दिवस, एकूण २७. पावसाळ्यात एका गुंठ्याला जवळजवळ महिना. म्हणून आजीचं काजूचं आगर चार गुंठ्यांचं केलं: जून ते सप्टेंबर, एक अंक.

सापडलेला सुरुंग हातात उचलायचा नाही. तो बहुधा जागच्या जागीच स्फोटानं नष्ट करतात, कारण खाली दुसरा सापळा असू शकतो. कव्हरचं पहिलं चित्र, टोच्या सुरुंग दोन्ही हातांत धरून उभा, त्यामुळे बाद. त्याजागी: साफ झालेल्या पट्टीच्या कडेला जांभ्याचे चिरे रचून गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, घालणारा शोधक. मालिकेचं नावही मग कव्हरवर दिसतं.

२० एप्रिल

रंग. यंत्र जुनं म्हणजे तांबडा गंज, या सवयीनं सगळी पानं रंगवली गेली होती. शोधकाचं अंग ॲल्युमिनियमचं. त्याला तांबडा गंज चढत नाही. पांढरट पूड धरते आणि पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. स्टेनलेस स्टीलला खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात. सगळ्यात आधी खराब होते ती दोन धातूंची भेट: ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी स्क्रूभोवती, ओलाव्यात, ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून पांढरी पूड स्क्रूंच्या भोवती, सांध्यांपाशी आणि पाणी साचतं अशा खाचांत काढायची.

तांबडा रंग येतो, पण दोन वेगळ्या जागी. एक, सड्याची माती: गुडघ्यापर्यंत, तळहातांवर, उडालेले शिंतोडे. दोन, गावातल्या लोहारानं नंतर मारलेल्या साध्या लोखंडाच्या पट्ट्या. तो खरा गंज. मातीचा तांबडा पावसात धुतला जातो, गंजाचा नाही. पृष्ठ १८ वर मुसळधार पावसात उभं राहिल्यावर टोच्याच्या अंगावर फक्त गावानं मारलेल्या पट्ट्या तांबड्या उरतात. हे रंगसंगती दुरुस्त करतानाच सापडलं, पटकथेत नव्हतं.

मातीचा रंग, छपाईच्या चार शाईंच्या टक्क्यांत: सायन २५, मजेंटा ७५, पिवळा ९०, काळा १०. गंजाचा: ३५, ७५, १००, ३०. आणखी जवळ आणले तर मॅपलिथोवर, म्हणजे आतल्या पानांच्या बिनचकाकीच्या कागदावर, दोन्ही एकच दिसतात.

११ मे

अक्षरजुळणी. चित्रकलेच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत देवनागरी टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून फुग्यांतला मजकूर चित्राच्या फाइलमध्ये टाकायचाच नाही. चित्र वेगळं, अक्षरं वेक्टरमध्ये वेगळी. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरांत परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नाही तर तीच गडबड होते. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडल्यावर ही सेटिंग आधी पाहायची.

प्रत्येक फॉन्टसाठी चाचणीचं वाक्य: ‘दुसऱ्या पऱ्यावर सूर्य, ऊर्ध्व, श्रद्धा, चिठ्ठी, कृती, ट्रॅक्टर, ऑर्डर, लाल शाल.’ पऱ्यातला ‘ऱ्य’ आणि सूर्यातला ‘र्य’ वेगळे उमटले पाहिजेत. कोकणातल्या गोष्टीत पऱ्या, म्हणजे ओढा, पानोपानी येतो. तो ‘पर्या’ छापला गेला तर शब्दच गेला. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत. काही फॉन्टांत भाषा मराठी निवडल्यावरच ते येतात.

फुग्याचा आकार इंग्रजी कॉमिकांसारखा ठेवला तर बसत नाही. ‘उघडल्याशिवाय’ हा एक शब्द तोडता येत नाही, आणि वरचा रफार, खालचा उकार यांमुळे ओळींत अंतर जास्त लागतं. ९ पॉइंटला १३ चं लेडिंग. फुगे रुंद आणि बुटके, ओळी जास्तीत जास्त चार, शब्द वीसच्या आत.

शोधकाचा आवाज: शिरोरेषा तुटलेली. प्रत्येक अक्षर सुटं, वरची रेघ एकमेकांना न भिडणारी. नुसतं अक्षरांतर वाढवून पाहिलं. काही सॉफ्टवेअर काना अक्षरापासून वेगळा पाडतात आणि ‘का’चे दोन तुकडे दिसतात. तेव्हा अक्षरं बाह्यरेषांत बदलून हातानं कापली. ६३ फुगे, दीड दिवस. पृष्ठ ३१ चा फुगा न कापता, शिरोरेषा सलग.

१ जून

आवाज. पावसाला कोकणात एकच आवाज पुरत नाही. कौलांवर ‘तडतड’, काजूच्या पानांवर ‘सळसळ’, बोगद्यात ‘टप्... टप्’, सड्यावरून वाहताना ‘खळखळ’. सळईचे दोनच, आणि वाचकानं ते शिकायचे: मातीत ‘खस्स’, सुरुंगाच्या प्लॅस्टिकवर ‘टक्’. सात पानं ‘खस्स’ येत राहतं. आठव्या पानावर ‘टक्’ लहान अक्षरांत, चौकटीत बाकी काही नाही. मोठं ‘टक्’ काढून पाहिलं होतं, ते घाबरवायला जातं आणि घाबरवत नाही.

लांबवायला अवग्रह: ‘घूंऽऽ’. स्वर तीनदा लिहायचा नाही.

२२ जून

पृष्ठ २४ ते २८, गावसभा. हे पाच पानांचं बोलणं आहे आणि चित्रकथेत पाच पानं बोलणं म्हणजे धोका. सगळा भार ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांवर टाकला. मराठीत या दोघांत स्पष्ट भिंत आहे: ‘आम्ही’मध्ये समोरचा नाही, ‘आपण’मध्ये आहे. सभेत माणसं सुरुवातीला आपसांत ‘आपण’ म्हणतात (शोधक सोडून), शोधकाशी ‘आम्ही’. सरपंच म्हणतो, ‘आम्ही ही जमीन तुला दिलेली नाही.’ आजी मधेच म्हणते, ‘पाऊस थांबला की आपण कुंपणाचं बघू,’ आणि ती बघत असते टोच्याकडे. पुढच्या चौकटीत कुणी बोलत नाही. नऊ चेहरे.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ही तपासलं. मुलं टोच्याला ‘तू’, आजी ‘तू’, सरपंचही ‘तू’च. शोधक मात्र सगळ्यांना ‘तुम्ही’, मुलांनासुद्धा. कारण तो समोरच्याचं वय ओळखायला कधी शिकलेलाच नाही. धाकटा भाऊ ‘मला काय तुम्ही म्हणतोस’ म्हणून हसतो, त्या एका वाक्यावर सभेनंतरचं पान उभं आहे.

सभेच्या चौकटी सहाऐवजी चार केल्या, प्रत्येक पृष्ठावर एक हातांची: तंबाखू मळणारा, चिऱ्याची कड घासणारा, कोऱ्या कागदाची घडी घालणारा हात.

१३ जुलै

फाइली. शाईची रेघ ६०० डीपीआय, रंग ४०० डीपीआय वेगळ्या थरात. रेघ फक्त काळ्या शाईत, ओव्हरप्रिंट लावून, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच. चारही शाईंत गेली तर जुळणी हलल्यावर कडेला रंगीत सावली पडते. बोगद्याचा मोठा काळा भाग मिश्र: सायन ६०, मजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १००, एकूण २४०. मॅपलिथोवर २६० च्या वर जायचं नाही, शाई वाळत नाही आणि पुढच्या तावाच्या पाठीला लागते. काळ्यावरची पांढरी अक्षरं मिश्र काळ्यावर टाकायची नाहीत. ‘थ’, ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा भरून जाते. त्या फुग्यांखाली साधा काळा.

पिनांची बांधणी असल्यानं आतली पृष्ठं बाहेर सरकतात: आठ घड्या, ९० जीएसएम कागदाची जाडी साधारण ०.११ मि.मी., मधल्या पृष्ठाला जवळपास १ मि.मी. पृष्ठ १६-१७ च्या बाहेरच्या कडेचे पृष्ठांक २ मि.मी. आत घेतले.

छापखान्याकडे जाणारी फाइल बाह्यरेषांत बदललेली. युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टप्रणालीत वळवला गेला की रफार जागा सोडतो. मूळ मजकुराची प्रत वेगळी जपली आहे.

३ ऑगस्ट

मशीनवरचा प्रूफ आला आणि मोठा दोष सापडला. शोधकाच्या सगळ्या फुग्यांतली तुटलेली शिरोरेषा जुळलेली दिसते. छपाईच्या आकारात फट ०.२ मि.मी. होती, मॅपलिथो शाई पितो, शाई पसरते आणि फट बुजते. आधीचा डिजिटल प्रूफ आर्ट पेपरवर काढला होता, त्यावर सगळं नीट दिसत होतं. प्रूफ त्याच कागदावर काढायला हवा होता.

यामुळे पृष्ठ ३१ चा परिणाम पूर्ण जातो. सगळीकडेच रेघ सलग असेल तर तिथली सलग रेघ कुणाला दिसणार?

०.४, ०.५ आणि ०.६ मि.मी.च्या फटी एकाच तावावर छापून पाहिल्या. ०.४ अर्ध्या बुजल्या, ०.५ काही ठिकाणी, ०.६ सगळ्या उघड्या. ०.६ ठरली. ६३ फुगे पुन्हा कापले. फट वाढल्यावर ‘र’ आणि ‘व’ शेजारी आले की ‘ख’ वाचला जाण्याची भीती कमी झाली, हा एक वरचा फायदा.

२४ ऑगस्ट

छपाई. १००० प्रती, आतल्या दोन तावांचे २००० आणि जुळणीसाठी प्रत्येकी १५० जादा, १६ प्लेटा. कव्हर एका तावात चार, २५० जीएसएम आर्ट कार्ड. ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर घेतला आणि घडीला क्रीज मारली, नाहीतर गडग्याच्या चित्रावर घडीत शाई फुटते. पावसाळी हवेत कागद ओल धरतो, म्हणून ताव आदल्या दिवसापासून मशीनच्याच खोलीत ठेवले होते. तरी दुसऱ्या तावाची जुळणी तासाभरानं हलली. ४० ताव बाद.

पृष्ठ ३१ आणि पृष्ठ २६ तावावर डोक्याला डोकं लावून येतात, म्हणजे दोघांना शाई त्याच पट्ट्यातून मिळते. २६ वर सभेच्या मागे रात्रीचा गडद बोगदा आहे. तिथला काळा भरीव दिसावा म्हणून शाई वाढवली की ३१ वरची अक्षरं जाड होतात. मशीन थांबवलं. २६ च्या काळ्याखालचा सायन ६० चा ७० केला, नवी प्लेट काढली, काळी शाई होती तिथेच ठेवली.

त्यानंतरच्या पहिल्या तावावर भिंगातून: पृष्ठ ३० चे तीन फुगे, फटी उघड्या. पृष्ठ ३१, ‘मी आले’, तीन अक्षरं, ‘आले’वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. ताव मंजूर करून सही केली.

दुसऱ्या अंकाच्या पटकथेत पहिल्या चौकटीचा मजकूर भरला आहे: ‘मी इथे होते.’ बाकीचं पान कोरं.